टीव्ही आणताय? उभाच आणा!

22 सप्टेंबर 2025 ला 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि 55 इंची स्वप्न बजेटमध्ये बसलं. मग प्लॅन ठरतो : छत्रपती संभाजीनगरच्या शोरूममधून उचलायचा आणि आपल्याच गाडीतून जालन्याला आणायचा. जेमतेम 60 किलोमीटर तर आहे! थांबा, बॉस.

आधी टेप काढा
55 इंच हे तिरकं माप. स्क्रीनची रुंदी सुमारे 122 सेंटिमीटर आणि उंची 69. खोकं त्याहून मोठं. त्यामुळे खोकं मोजा, गाडीचं मागचं दारही मोजा.

आडवा टाकू नका!
खरा घात इथेच होतो. उभा टीव्ही आपलं वजन खालच्या कडेवर पेलतो. आडवा केला की मधली पातळ काच अधांतरी राहते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला लवते. त्यावर पिशव्या ठेवल्या, तर संपलंच. खोकं बाहेरून ठणठणीत दिसतं, तडा घरी कळतो. आणि असं फुटलेलं पॅनेल सहसा वॉरंटीत बसत नाही.

मग करायचं काय?
खोकं बाणाच्या दिशेने उभं ठेवा, दोन्ही बाजूंना उशा लावा, पट्ट्याने बांधा. कॅरियर नको, अर्धवट उघडी डिकी तर नकोच. मावत नसेल तर होम डिलिव्हरी मागा, नाहीतर सरळ छोटा हत्ती करा. घरी आल्यावर इन्स्टॉलेशनवाल्यासमोरच खोकं उघडा.

भाडं वाचवायच्या नादात फुटक्या काचेचे हप्ते भरत बसणं, हा सौदा महागच!