नगरांची नावे, बाळांची नावे

बारशाला आपण बाळाच्या कानात जे नाव सांगतो, ते पूर्वी पुष्कळदा एखाद्या नगराचे असे. अयोध्या, मथुरा, माया, काशी, कांची, अवंतिका, द्वारका या सातही मोक्षपुरींची नावे मुलींना लाभली. मुलग्यांना त्या नगराच्या स्वामीचे नाव मिळे : काशीनाथ, पंढरीनाथ, द्वारकानाथ. यात्रा दुर्मिळ होती. निदान हाकेसरशी तीर्थाचे स्मरण घडावे, ही भावना. पुढे पुण्याची जागा इतिहासाने आणि नादमाधुर्याने घेतली व वैशाली, विदिशा, साकेत ही नावे घरोघरी आली.

आपल्या भाग्यनगरीत ओघ उलटा. १५९१ साली वसलेल्या या शहराला भागमतीचे नाव मिळाले, असे लोककथा सांगते.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासह चीनला गेले. १९४२ साली तेथे त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच डिसेंबरात कोटणीस निवर्तले. काही महिन्यांच्या त्या बाळाला पित्याचा सहवास अंतरला. पित्याचा देश मात्र नावात राहिला.

परप्रांती रुजलेल्या आपल्या कुटुंबांनाही नाव असाच आधार देऊ शकते. कायद्याने जन्मनोंदणी नावाविना करून नाव मागाहून लिहविता येते. तेव्हा नोंदणी वेळेत करावी, नाव मात्र सावकाश निवडावे. ‘माझे नाव हेच का?’ असे मूल एके दिवशी विचारील. त्या वेळी सांगण्याजोगी एक गोष्ट आपल्यापाशी असावी.