चहाच्या पाण्यावरून कळणारी खुशाली

टोकियोच्या इकेबुकुरो भागात 1996 साली एक वृद्ध आई आणि तिचा आजारी मुलगा घरात मृतावस्थेत सापडले. कित्येक दिवस कुणाला पत्ताच नव्हता. या घटनेने अस्वस्थ झालेल्या एका डॉक्टरांनी एक कल्पना मांडली: रोजच्या वापरातल्या एखाद्या वस्तूनेच म्हाताऱ्या माणसांची खबर दिली तर?

ओसाकाच्या झोजिरुशी कंपनीने ती मनावर घेतली आणि 2001 साली ‘आय-पॉट’ आणला. दिसायला हा पाणी गरम ठेवणारा साधा विजेचा पॉट. जपानी घरात तो दिवसभर चालू असतो, कारण चहा कधीही लागतो. आय-पॉटच्या आत मात्र मोबाइल नेटवर्कवर चालणारं छोटं यंत्र बसवलेलं. आजींनी सकाळी पाणी काढलं की वेळेची नोंद होते आणि दिवसातून दोनदा मुलाला किंवा मुलीला ईमेल जातो. आठवडाभराचा आलेखही पाहता येतो. घराबाहेर पडताना दाबायला एक बटण आहे, म्हणजे उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. कॅमेरा नाही, पासवर्ड नाही. आजींना नवीन काही शिकावं लागत नाही, आणि माझ्या मते खरी करामत हीच.

कारण शिकवलेलं ऐनवेळी उपयोगी पडतंच असं नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या वृद्धांचा एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. मदतीची घंटा हाताशी असूनही, पडल्यावर उठता न आलेल्या बहुतेकांनी ती वाजवलीच नव्हती. उगीच कशाला कुणाला त्रास, हा स्वभाव काही केंब्रिजपुरता नाही!

2018 साली आलेल्या अ‍ॅपल वॉच सिरीज 4 ने ती घंटा वाजवण्याचं काम माणसाकडून काढूनच घेतलं. मनगटाला बसलेला हिसका आणि हाताची फिरकी यांवरून घड्याळ जोरात पडणं ओळखतं आणि लगेच विचारतं, ठीक आहात ना? माणूस साधारण मिनिटभर हललाच नाही, तर गजर वाजवून ते स्वतःच आपत्कालीन सेवेला फोन लावतं आणि घरच्यांना ठिकाण कळवतं. वय 55 किंवा अधिक नोंदवलेलं असेल तर ही सोय आपोआप सुरू होते. सेटिंगमध्ये शोधाशोध करावी लागत नाही.

फक्त हे घड्याळ वरचेवर चार्ज करावं लागतं. बरेच जण ते झोपताना काढून चार्जिंगला लावतात, आणि मध्यरात्री अंधारात बाथरूमला जाताना मनगट रिकामंच असतं.