टॉन्सिल काढावे कीं राखावे ?

आषाढाच्या झडी सुरू झाल्या कीं मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत घरोघरीं एक तक्रार हटकून ऐकूं येते : "धाकट्यानें पुन्हां घसा धरला !" ताप चढतो, गिळवत नाहीं, शाळा बुडते. आजीबाई हळदीचें दूध पुढें करतात. काका म्हणतात, "एकदां कापून टाका म्हणजे झालें". आणि मुलाची आई दोघांच्या मध्यें गोंधळून उभी राहते. अशा वेळीं वैद्यकीय संशोधन काय सांगतें, तें थोडक्यांत पाहूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. टॉन्सिल म्हणजे पडजीभ नव्हे. पडजीभ टाळूच्या मध्यभागीं लोंबते; टॉन्सिल हे तिच्या दोहों बाजूंचे गोळे होत. तोंडावाटें शिरणाऱ्या जंतूंची शरीरास ओळख करून देणें हें त्यांचें काम. बाळपणीं ते मोठे दिसतात व पुढें बहुधा आपोआप आकसतात.

एके काळीं हा विवेक डॉक्टरांनाहि राहिला नव्हता. १९३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत न्यूयॉर्कच्या शाळांतील अकरा वर्षांचीं १००० मुलें घेतलीं होतीं. त्यांपैकीं ६११ जणांचे टॉन्सिल आधींच काढलेले आढळले. उरलेल्या ३८९ पैकीं १७४ जणांस शस्त्रक्रिया सुचविण्यांत आली. ज्यांना नको म्हटलें, तींच मुलें दुसऱ्या डॉक्टरांपुढें नेलीं, तों त्यांतून आणखी ९९ निघालीं ! म्हणजे निर्णय मुलाच्या घशापेक्षां तपासणाराच्या संवयीवरच ठरत होता.

ह्या प्रश्नास मोजमापाची शिस्त लावली ती पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाइज यांनीं. एका वर्षांत सात वेळां, किंवा लागोपाठ दोन वर्षें दरसाल पांच वेळां, किंवा तीन वर्षें दरसाल तीन वेळां ज्यांना तीव्र घसादुखी झाली, अशा मुलांना शस्त्रक्रियेनें पुढील दोन वर्षें लाभ होतो, असें त्यांनीं १९८४ सालीं दाखविलें. परंतु शस्त्रक्रिया न केलेलीं पुष्कळ मुलेंहि काळानें सुधारलीं. म्हणून आईनें एक वही ठेवावी : तारीख, ताप किती, औषध कोणतें. "फार वेळां दुखतो" ह्या शब्दांपेक्षां ती वही डॉक्टरांस अधिक सांगेल.

मूल रात्रीं घोरत असेल व झोंपेंत त्याचा श्वास अडत असेल, तर तें निराळें व महत्त्वाचें कारण होय. २०१३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत अशा ४६४ मुलांपैकीं शस्त्रक्रिया झालेल्यांत शेंकडा ७९ जणांचा, तर नुसती वाट पाहिलेल्यांत शेंकडा ४६ जणांचा हा दोष सात महिन्यांत नाहींसा झाला.

मात्र वाट पाहणें म्हणजे दुर्लक्ष करणें नव्हे. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते व तिला जंतुनाशक औषध नको. पण स्ट्रेप्टोकोकस जंतूंची असेल, तर मागाहून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडण्याचें भय असतें. नऊ दिवसांच्या आंत पेनिसिलिन सुरू केल्यास तें टळूं शकतें. पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचें आरंभींचें प्रयोजन हेंच औषध होतें. डॉक्टरांनीं दिलेलें औषध ताप उतरतांच बंद करूं नये.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर खरी कसोटी घरीं आल्यावर लागते. वेदना दहा दिवसहि टिकतात. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांनीं सांगितलेल्या मात्रेनें वेळच्या वेळीं द्यावें. कोडीन मात्र मुळींच नको. कांहीं मुलांच्या शरीरांत त्याचें झपाट्यानें मॉर्फिन होऊन श्वास बंद पडल्याचीं उदाहरणें आहेत, व म्हणूनच २०१३ सालीं अमेरिकन सरकारी खात्यानें त्याविरुद्ध कडक इशारा दिला. घशांत दिसणारा पांढरा थर पू नव्हे, ती खपली होय. गार पेज, ताक, मऊ भात, आणि सर्वांत मुख्य म्हणजे घोटघोट पाणी द्यावें.

पांचव्या ते दहाव्या दिवसांत खपली सुटतांना रक्त येण्याचा संभव असतो. मूल हिंडूंफिरूं लागलेलें असतें. "आतां बरें आहे, कोंकणांत जाऊन येऊं" असा मोह ह्याच वेळीं पडतो. तो आवरावा. दोन आठवडे इस्पितळापासून दूर जाऊं नये, आणि तोंडांतून ताजें रक्त दिसल्यास मध्यरात्र असली तरी सकाळची वाट न पाहतां मुलास तेथें न्यावें. आजीबाईंचा धीर व काकांची धांवपळ, दोन्ही त्या रात्रीं उपयोगीं पडतील.