पावणेसात एकरांवरचा बुळबुळीत थर

पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडीच्या आसपास, पंपाचं गणित कुणाला शिकवावं लागत नाही. कृष्णेचं पाणी बुर्ली, आमणापूरच्या मळ्यांत चढवणाऱ्याला ठाऊक असतं, पाइपलाइन जुनी झाली की मोटर तीच, पण पाणी कमी. आतून १०० मिलिमीटरच्या पाइपला सगळीकडून ५ मिलिमीटरचा थर बसला की वाट उरते ९० मिलिमीटरची. तरीही पहिल्याइतकंच पाणी हवं असेल, तर घर्षणात खर्ची पडणारा दाब सुमारे ६९ टक्क्यांनी वाढतो. थराचा खडबडीतपणा यात धरलेलाच नाही.

समुद्रात याच घर्षणाशी जहाजाच्या तळाची गाठ पडते. ३ लाख टन तेल वाहणाऱ्या, ३२० मीटर लांबीच्या जहाजाचा पाण्याखालचा भाग सुमारे २७,००० चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळपास पावणेसात एकर. तेवढ्यावर सूक्ष्मजीवांचा अर्धा मिलिमीटर बुळबुळीत थर साचला, तर सगळा मिळून साडेतेरा हजार लिटर. ३ लाख टनांपुढे हे वजन काहीच नाही. पण इथे प्रश्न वजनाचा नाहीच. खडबडीत तळ आपल्याबरोबर जास्त पाणी ओढत नेतो, आणि ते ओढण्याची ताकद इंजिनाला द्यावी लागते.

ती किती, हे मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या फ्रिगेटसाठी काढलं. १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाला नुसत्या जाड बुळबुळीत थरामुळे २१ टक्के जादा ताकद लागते. बार्नॅकलची दाट वस्ती झाली की ८६ टक्के! हा कवचधारी जीव तळाला चिकटतो तेव्हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मला सगळ्यांत थक्क करतो तो हा आकडा. मग हा जीव स्वतःच्या चिकट द्रवाने पक्का बसतो आणि त्याच जागी चुन्याचं कवच वाढवत राहतो. मुंबईसारख्या उबदार पाण्यात या वाढीला थंडीचाही अडसर नाही.

उपाय जुने आहेत. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. पुढे कथिलाच्या संयुगांचे जहाल रंग आले. त्यांनी शंखशिंपल्यांचीही हानी केली, म्हणून २००८ पासून त्यांच्यावर जागतिक बंदी आहे. आणि खर्च? अमेरिकेच्या एकाच वर्गातल्या विनाशिकांचा तळावरच्या या वाढीपायी होणारा खर्च २०११ च्या अंदाजानुसार वर्षाला ५ कोटी ६० लाख डॉलर होता, आणि त्यातला बहुतेक जादा इंधनाचा.