वतनावर पाणी : मावळातील पक्षनिवड

अद्भुत, काल्पनिक जगात घडणाऱ्या ज्या व्हिडिओ गेमना रोल-प्लेइंग गेम म्हणतात, म्हणजे ज्यांत खेळणारा एक पात्र स्वतः वठवतो आणि त्याच्या निर्णयांनुसार कथानक वळण घेते, त्यांत कोणत्या गटात सामील व्हायचे हा प्रश्न कोणते शस्त्र घ्यावे यापेक्षा कितीतरी अवघड असतो. सरदार घराणी, योद्ध्यांचे संघ, जादूगारांची विद्यापीठे, चोरांच्या टोळ्या हे अशा जगातले गट. त्यांत प्रवेश मिळाला की कामगिऱ्या, हुद्दे आणि आश्रय मिळतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्या एखाद्या गटाचे दार कायमचे बंद होते. २००२ साली आलेल्या ‘मॉरोविंड’मध्ये तीन मोठ्या घराण्यांपैकी एकाचेच होता येते, शिवाय त्या घराण्याला मोलाची वाटणारी कौशल्ये अंगी असल्याखेरीज हुद्दा वाढत नाही. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये यादवी युद्धात साम्राज्य किंवा बंडखोर यांपैकी एकाचीच बाजू घेता येते, पण योद्धे, जादूगार आणि चोर या तिघांच्याही संघटनांत एकच पात्र शिरू शकते आणि तिथे सर्वोच्च पदापर्यंत पोहोचू शकते. ही दुसरी मोकळीक खेळणाऱ्याला सोयीची वाटते, तरी निवडीला वजन येते ते पहिल्या प्रकारच्या बंधनामुळेच.

हे वजन प्रत्यक्षात किती असू शकते याचा पुरावा भोर आणि वेल्हे भागातील खोऱ्यांत सापडतो. सतराव्या शतकात हा मुलूख मावळांत विभागलेला होता आणि प्रत्येक मावळावर एखाद्या देशमुख घराण्याचा वंशपरंपरागत हक्क होता : रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे आणि उत्रवळीचे खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळिमकर, कानद खोऱ्यात मरळ. देशमुख म्हणजे आपल्या टापूतील महसूल गोळा करणारा, शिबंदी बाळगणारा आणि गावकीच्या तंट्यांत अग्रमान असणारा वतनदार. वतन म्हणजे या कामाबद्दल मिळालेला पिढीजात हक्क, ज्यात उत्पन्न, जमीन आणि मानपान हे सगळे येते. वरची सत्ता निजामशाहीची असो की आदिलशाहीची, तिच्या शिक्क्याच्या कागदावर वतन टिकत असे. म्हणून पक्ष निवडताना देशमुख एकटा नसे. त्याच्यासोबत बायकामुले, भाऊबंद, पदरची माणसे आणि अजून न जन्मलेले वारसही पणाला लागत.

१६५९ मध्ये अफजलखान आदिलशाहीची मोठी फौज घेऊन शिवाजी महाराजांवर निघाला तेव्हा हा प्रश्न प्रत्येक वाड्याच्या दारात येऊन उभा राहिला. कान्होजी जेधे यांना १६ जून १६५९ चे शाही फर्मान आले, त्यात खानाला सामील होण्याची आज्ञा होती. जेध्यांच्या घराण्यात जपल्या गेलेल्या करीन्यात, म्हणजे घराण्याच्या हकिकतीच्या कागदात, पुढचा प्रसंग नोंदलेला आहे. कान्होजी आपल्या पाच मुलांसह फर्मान घेऊनच शिवाजी महाराजांकडे गेले. आज्ञा मोडली तर वतन जाईल, जिवावरही बेतेल, याची जाणीव महाराजांनीच त्यांना करून दिली. १६४८ मध्ये शहाजीराजे कैद झाले तेव्हा कान्होजीही त्यांच्याबरोबर कैदेत होते, आणि सुटकेनंतर शहाजीराजांनीच त्यांना मुलाच्या मदतीसाठी मावळात धाडले होते. तो शब्द मोडणार नाही असे सांगून कान्होजींनी हातात पाणी घेतले आणि वतनावर सोडले. पाणी सोडणे म्हणजे धर्मविधीप्रमाणे हक्क कायमचा टाकणे. त्यानंतर त्यांचा कबिला कारीहून तळेगावास हलवला गेला आणि इतर देशमुखांना वळवण्याचे काम त्यांच्यावर आले.

या कृतीतला क्रम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. खेळात गट आधी काहीतरी देतो आणि किंमत हळूहळू कळत जाते. कान्होजींनी किंमत आधी चुकती केली आणि बदल्यात काय मिळेल हे ठरलेले नव्हते. त्यामुळेच त्यांच्या बोलण्याला इतर मावळांत वजन आले असावे. जेधे आणि बांदल यांच्यात पूर्वी रक्त सांडलेले होते, तरीही बांदल आले, मरळ आले, शिळिमकर आले.

खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेले. त्यांना केवळ फितूर म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. एकाच खोऱ्याच्या देशमुखीत जेधे आणि खोपडे हे वाटेकरी आणि म्हणून प्रतिस्पर्धी होते. एक ज्या बाजूला गेला तिच्या विरुद्ध बाजूला दुसऱ्याचा फायदा दिसणे हा भाऊबंदकीचा जुना न्याय होता. खान पूर्वी वाईचा सुभेदार होता, आता त्याची छावणी त्याच वाईला, म्हणजे डोंगर ओलांडला की येणाऱ्या गावी, पडली होती, आणि वतनाच्या कागदांवर शिक्का त्याच्याच धन्याचा होता. त्या दिवसांत हिशेबी माणसाला खोपड्यांचा मार्गच सुरक्षित वाटला असता. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली खान मारला गेला आणि हिशेब उलटला. खंडोजींनी लपतछपत अखेर कान्होजींचीच मध्यस्थी मिळवली. जीव वाचला, पण पुढे महाराजांनी त्यांचा एक हात आणि एक पाय तोडवला. कान्होजींनी ज्याच्यासाठी रदबदली केली तो त्यांचा वैरी होता, ही गोष्ट कोणत्याही खेळातील ‘निष्ठेच्या गुणां’त मोजता येणार नाही.

निष्ठेलाही मानपानाची किनार होतीच. १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बांदलांच्या माणसांनी आणि त्यांच्याकडील बाजीप्रभू देशपांडे यांनी खिंड लढवली, तेव्हा दरबारातील तलवारीच्या पहिल्या पानाचा, म्हणजे अग्रस्थानाचा, जेध्यांचा मान बांदलांना दिला गेला, आणि कान्होजींनी तो सोडला. वतनावर पाणी सोडणाऱ्या माणसाला हे दुसरे सोडणे सोपे गेले असेल असे मानण्याचे कारण नाही. मानासाठीही मावळात भांडणे झाली आहेत.

पुढच्या पिढीला ही निवड वारशाने मिळाली नाही, ती नव्याने करावी लागली. संभाजी महाराजांच्या काळात कान्होजींचेच पुत्र सर्जेराव मोगलांकडे गेले, आणि परत येण्याची इच्छा कळवल्यावर त्यांना महाराजांकडून कडक शब्दांचे पत्र आले. मोगल वतनाचे आमिष दाखवीत होते, त्यामुळे राजाराम महाराजांनाही वतने देऊनच माणसे राखावी लागली. ज्या गोष्टीवर कान्होजींनी पाणी सोडले होते तीच आता पक्षनिष्ठेची किंमत झाली.

सर्वांत कठीण प्रसंग भोरच्या सचिवांवर, म्हणजे अष्टप्रधानांपैकी एका मंत्र्यावर, आला. शंकराजी नारायण यांनी मोगलांशी झुंजून या भागातले किल्ले राखले आणि परत मिळवले होते, आणि राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांच्याशी ते शपथेने बांधलेले होते. १७०७ मध्ये संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा थोरल्या घराण्याचा वारस एका बाजूला आणि दिलेली शपथ दुसऱ्या बाजूला, अशी अवस्था झाली. काही खेळांत दोन्ही गट नाकारून बाहेर पडण्याची वाट नसते, असली तरी ती कथेबाहेर नेते. शंकराजींनी त्याच वर्षी आंबवडे येथे स्वतःचे जीवन संपवले. त्यांचा मुलगा नारो शंकर तेव्हा अगदी लहान होता. शाहू महाराजांनी सचिवपद त्या मुलाला दिले, आणि त्या घराण्याचे भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी भारतात विलीन होईपर्यंत चालू राहिले.