धावणाऱ्याची टाच आणि दिवसभराची चप्पल

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की कन्नड, सिल्लोड, वैजापूर अशा तालुक्याच्या गावांतून पहाटेच्या अंधारात धावणारी मुले-मुली दिसू लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. गुण ठरतात ते सेकंदांवर. पंधरा-वीस दिवस जातात आणि कुणाची टाच दुखू लागते, कुणाची नडगी, कुणाचा गुडघा. मग घरात नव्या बुटांचा विषय निघतो. पैसे जमवून बूट आणले जातात. पण दुखणे पुष्कळदा जिथल्या तिथेच राहते. असे का व्हावे?

एक साधा हिशेब करू. धावण्याचे बूट पायात असतात फार तर तासभर. उरलेले चौदा-पंधरा तास पायात काय असते? घरी व शेतात झिजलेली रबरी स्लीपर, शाळेत पुढून चिंचोळे काळे बूट. पायाला दुखावणारा एक तास आणि भरून येण्याचे उरलेले तास, असे असायला हवे. पण चुकीचे पायताण असेल तर हे उरलेले तासही दुखावण्यातच जातात.

धावताना पायावर भार पडतो तरी किती? जमिनीवर पाऊल पडताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट जोर त्यावर येतो. म्हणजे ५० किलो वजनाच्या मुलाच्या पावलावर १२५ किलो. एक पाऊल एक मीटरचे धरले, तर पाच किलोमीटरमध्ये एकेक पाय अडीच हजार वेळा टेकतो. गुणाकार करून पाहा: एका पायावर एका सकाळी तीनशे टनांहून अधिक!

हा भार पेलण्यासाठी निसर्गाने पावलात २६ हाडांची एक कमान उभारली आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा ताणलेला असतो. धनुष्याच्या दोरीसारखा तो कमानीची दोन टोके धरून ठेवतो. त्याची करामत तुम्हाला घरीच पाहता येईल. अनवाणी उभे राहा आणि मित्राला तुमच्या पायाचा अंगठा हाताने वर उचलायला सांगा. तळपायाची कमान आपोआप उंचावेल. रहाटावर दोर गुंडाळावा तसा तो पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती गुंडाळला जातो आणि टाच पुढे ओढतो. चालताना टाच उचलली की बोटे अशीच वर वळतात, पट्टा आवळतो, पाऊल ताठ होते आणि पुढची ढकल मिळते.

आता पायात सैल स्लीपर घाला. मागे पट्टा नसल्यामुळे ती निसटू नये म्हणून बोटांनी तिला धरून ठेवावे लागते. म्हणजे बोटांनी जेव्हा वर वळायचे, नेमके तेव्हाच ती खाली आवळली जातात. कमान पुरती उभी राहत नाही. ते काम तळव्याच्या लहान स्नायूंवर पडते, तेही प्रत्येक पावलाला. सकाळी उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत सणक भरते ती बहुधा याच पट्ट्याची तक्रार असते. अंगण, बाजार, शाळा असे फिरलेले अंतर धावण्याच्या अंतराहून अधिक भरते, हे ध्यानात घ्या.

झिजलेल्या टाचेची गोष्ट वेगळी. चप्पल एका कडेने झिजली की टाच तिकडे कलते, टाचेबरोबर नडगीचे हाड थोडे वळते आणि तो पीळ गुडघ्यापर्यंत पोहोचतो. औट्रम घाटासारख्या उतारावर धावणाऱ्याच्या गुडघ्यावर आधीच जादा ताण असतो. त्यात ही भर. घट्ट बुटांत तर बोटांना पसरायलाच जागा नसते.

लहानपणीची पादत्राणे पावलाचा आकारही बदलतात काय? कर्नाटकातील राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ साली ४ ते १३ वर्षे वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावले ८.६ टक्के आढळली, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत हे प्रमाण अधिक होते. सपाट पाऊल दुखतेच असे नाही. पण सैन्यभरतीत त्यावरून उमेदवार नापास होऊ शकतो.

मग अनवाणीच धावावे का? इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत. चार वर्षांनी टोकियोला तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. आपल्याकडे बारामतीच्या शर्यतीत लता करे नऊवारी साडीत अनवाणी धावून पहिल्या आल्या. या पायांना वर्षानुवर्षांची सवय होती. तुम्ही उद्या सकाळी बूट काढून डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर धावलात, तर पोटरी आणि तळपाय दोन्ही धरून बसाल.

सोपे उपाय आहेत. रोजची चप्पल टेबलावर ठेवून मागून डोळ्यांच्या रेषेत पाहा. कललेली असेल तर चांभाराकडून टाच बसवून घ्या किंवा ती बदला. कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढा व बूट त्यावर ठेवा. रेघ बुटाबाहेर आली तर बूट अपुरा आहे. लांबच्या चालीसाठी मागे पट्टा असलेली सँडल घाला. आणि धावण्याचे अंतर एकदम वाढवू नका, कारण चप्पल निर्दोष असली तरी तेवढ्याने पाय दुखतोच.

नडगीच्या किंवा चवड्याच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल अशी वेदना असेल, तर धावणे लगेच थांबवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि पहिले दोन-तीन आठवडे ती क्ष-किरण चित्रात दिसतही नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जाताना धावण्याच्या बुटांबरोबर रोजची झिजलेली चप्पलही पिशवीत घालून न्यावी.