गप्प बसणारं सॉकेट

दुपारी दोनपासून ओपीडीच्या फलकावर ४३ हाच आकडा होता. आत डॉक्टर ५१ नंबरचा रुग्ण तपासत होते. ४६ नंबरचे आजोबा फलकाकडे डोळे लावून बाकावर बसले होते. तासाभराने ते खिडकीवर विचारायला गेले, तेव्हा त्यांचा नंबर केव्हाच होऊन गेला होता. फलकाच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता, संपर्क चालू असल्याची खूण म्हणून. खिडकीवरच्या ताई दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मॅडम, तो हिरवा ठिपका बघूनच आम्ही निर्धास्त राहिलो." त्या ठिपक्याचा कोड माझा होता. त्याच्या सगळ्या टेस्ट त्या दिवशी सकाळीही पास झाल्या होत्या.

फलक आणि सर्व्हर यांच्यात वेबसॉकेट होतं. साध्या वेबपानाचा व्यवहार पत्रासारखा असतो: ब्राउझर मागतो, सर्व्हर देतो, विषय संपला. वेबसॉकेट म्हणजे एकदा लावला की चालूच राहणारा फोन. सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीनेच होते. ब्राउझर १६ बाइटची एक किल्ली पाठवतो, दर वेळी नवी. सर्व्हर तिला एक ठरलेला मजकूर जोडतो, त्याचा शा-१ हॅश काढून परत देतो आणि १०१ हा स्टेटस कळवतो. त्या क्षणापासून दोन्ही बाजूंना हवं तेव्हा बोलता येतं. हे नियम डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ या दस्तऐवजात पक्के झाले. डॉक्टरांनी बटण दाबलं की सर्व्हर आपणहून फलकाला नंबर कळवतो, ही सोय त्यातूनच मिळते.

टेस्ट चालवताना हा सगळा पसारा मांडता येत नाही. खरा सर्व्हर, रुग्णालयाचं नेटवर्क, बटण दाबणारा माणूस, यातलं काहीच तेव्हा हाताशी नसतं. शिवाय टेस्ट दिवसातून पन्नासदा चालवायची असते. म्हणून खऱ्या सॉकेटच्या जागी मॉक बसवायचं. नाव तेच, फंक्शनं तीच, फक्त आत तार नाही. पानाच्या कोडला फरक कळत नाही. मी माझं पहिलं मॉक अर्ध्या तासात लिहिलं होतं. उघड, पाठव, ऐक, बंद कर, एवढंच त्याला येत होतं.

आता ते वाचताना त्यातल्या चुका मला स्पष्ट दिसतात. ते तयार होताक्षणीच उघडायचं. खरं सॉकेट असं कधीच करत नाही. चालू असलेला कोड आधी पूर्ण होतो, मग केव्हातरी उघडल्याची वर्दी येते. माझ्या मॉकमध्ये 'सेंड' म्हटलं की त्याच ओळीत उत्तर हजर व्हायचं, म्हणजे पाठवण्यानंतरचा कोड चालण्याआधीच उत्तरावरची प्रक्रिया होऊन जायची. त्यामुळे घटनांचा क्रमच उलटा झाला होता. अशा मॉकवर चुकीचा कोड पास होतो आणि बरोबर कोड नापास होतो. नापास झालेला बरोबर कोड माणूस मॉकला पटेल असा 'दुरुस्त' करतो, आणि नुकसान तिथून सुरू होतं. उपाय साधा आहे. मॉकने प्रत्येक गोष्ट इव्हेंट लूपच्या, म्हणजे ब्राउझरच्या कामांच्या चक्राच्या, पुढच्या फेरीत करायची, आत्ता नाही.

दुसरी चूक निरोपाची. माझं मॉक नेहमी १००० हा कोड देऊन बंद व्हायचं. त्याचा अर्थ काम झालं, येते. प्रत्यक्षात कित्येक कनेक्शनं निरोप न घेताच जातात आणि ब्राउझर पानाला १००६ कळवतो. हा आकडा तारेवरून कोणी पाठवतच नाही, पाठवायला मनाई आहे. समोरचा न सांगता गेला, हे ब्राउझरने स्वतः काढलेलं अनुमान आहे ते. पानाच्या कोडला 'क्लोज' म्हणताना १००० किंवा ३००० ते ४९९९ यांतलाच कोड देता येतो. मॉकमधल्या सर्व्हरने १००६ हा कोड घातलेली क्लोज फ्रेम पाठवली, तर जगात कधीच न घडणाऱ्या गोष्टीची ती परीक्षा झाली. मी अशा टेस्ट पाहिल्या आहेत, दोन-तीन लिहिल्याही आहेत.

पण ४३ वर थांबलेल्या आकड्याचं कारण या दोन्हींत नव्हतं.

कनेक्शन तुटतं हे आम्हाला माहीत होतं. एनजिनएक्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे फलक आणि सर्व्हर यांच्यातला मध्यस्थ म्हणून, वापरला आणि सेटिंग बदललं नाही, तर ६० सेकंद सर्व्हरकडून काही आलं नाही की तो कनेक्शन सोडतो. त्यासाठी बंद झाल्याची वर्दी आली की पुन्हा जोडायचं, असा कोड होता आणि त्याची टेस्टही होती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बराच वेळ एकही नंबर पुकारला गेला नाही. मधल्या एका प्रॉक्सीने सर्व्हरकडची बाजू सोडून दिली आणि फलकाकडची मात्र धरून ठेवली. सर्व्हरने फलकाचं नाव यादीतून काढून टाकलं. फलकाच्या दृष्टीने फोन चालूच होता, पलीकडे कोणी नव्हतं एवढंच. बंद झाल्याची वर्दी आली नाही, एररही आली नाही. ठिपका हिरवा राहिला.

वेबसॉकेटच्या नियमांत पिंग आणि पाँग आहेत. एका बाजूने 'आहेस का' म्हणायचं आणि दुसरीने 'आहे' म्हणायचं. मात्र ब्राउझरमधल्या पानाला पिंग पाठवायची सोय नाही. सर्व्हरच्या पिंगला ब्राउझर परस्पर पाँग देतो आणि पानाला त्याचा पत्ता लागत नाही. नुसतं ऐकत बसलेल्या फलकाला शांतता आणि मरण यांत फरक करता येत नाही. म्हणून जिवंत असल्याचा ठोका आपल्याच संदेशांत घालावा लागतो. आता सर्व्हर दर २० सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवतो. ५० सेकंदांत एकही आला नाही, तर फलक ते कनेक्शन मेलं असं धरतो.

याची टेस्ट लिहिताना खोट्या सॉकेटबरोबर खोटं घड्याळही लागतं. खरे ५० सेकंद थांबणारी टेस्ट आठवड्याभरात कोणीतरी बंद करून टाकतं. म्हणून टायमर आपल्या हातात घ्यायचे, ४९ सेकंद पुढे ढकलायचे, ठिपका हिरवा आहे हे पाहायचं. आणखी दोन सेकंद ढकलायचे, ठिपका लाल व्हायला हवा. इथे एक मेख आहे. घड्याळ ढकललं तरी प्रॉमिसची, म्हणजे नंतर करायच्या कामांची, रांग आपोआप पुढे सरकत नाही, तिला वेगळी संधी द्यावी लागते. नाहीतर टेस्ट कधी पास, कधी नापास होते आणि सगळी टीम 'पुन्हा चालवून बघ' म्हणायला शिकते. ही सवय मला सगळ्यात घातक वाटते.

लाल झाल्यावर काय? आधी आम्ही जुनं सॉकेट बंद करत होतो आणि ते बंद झाल्याची वर्दी आली की नवं उघडत होतो. मॉकवर हे सुरेख चाललं. पण मेलेल्या कनेक्शनवर 'क्लोज' म्हटलं, तर ब्राउझर समोरच्याच्या निरोपाची वाट पाहतो. समोर कोणी नसतं, म्हणून सॉकेट 'बंद होत आहे' या अवस्थेत ताटकळतं आणि वर्दी फार उशिरा येते. फलकाने तिची वाट पाहायची नाही. जुन्या सॉकेटचे कान काढून घ्यायचे आणि लगेच नवं उघडायचं. हे मला मॉकने शिकवलं नाही, कारण मॉकला ते मीच शिकवलेलं नव्हतं.

म्हणून मी एक वेगळा सर्व्हर लिहिला. तो टेस्टबरोबरच त्याच मशीनवर सुरू होतो. पोर्ट शून्य मागितला की ऑपरेटिंग सिस्टीम मोकळा पोर्ट देते, त्यामुळे दोन टेस्ट एकमेकींच्या पायात येत नाहीत. तो खरी टीसीपी जोडणी घेतो आणि किल्ली-हॅशचं सुरुवातीचं हस्तांदोलन पूर्ण करतो. आरएफसीमध्येच एक नमुना किल्ली आणि तिचं उत्तर छापलेलं आहे, त्यावर मी हिशेब तपासून घेतला. त्यानंतर तो काहीच करत नाही. आलेलं वाचतो आणि टाकून देतो. पिंग नाही, पाँग नाही, निरोपाला उत्तर नाही. चाळीसेक ओळींचा हा गप्प सर्व्हर मला आमच्या सगळ्या मॉकपेक्षा मोलाचा वाटतो.

स्टीव्ह फ्रीमन आणि नॅट प्राइस यांनी २००९ च्या त्यांच्या पुस्तकात टेस्ट लिहिणाऱ्यांना बजावलं आहे की जी गोष्ट तुमच्या मालकीची नाही तिचं मॉक करू नका. तिच्याभोवती आपला पातळ थर बांधा आणि त्या थराचं करा. मला हे पटतं. फलकाचा बाकीचा कोड आता सॉकेटला ओळखतच नाही. त्याला फक्त 'नंबर आला' आणि 'संपर्क गेला' एवढंच कळतं, आणि त्याच्या टेस्ट क्षणात होतात. पण तो पातळ थर स्वतः मात्र खऱ्या तारेवर, गप्प सर्व्हरसमोर उभा राहिलाच पाहिजे. तिथे मॉक चालत नाही. शॉपिफायने सर्वांसाठी खुलं केलेलं टॉक्सिप्रॉक्सी हे साधन या कामाला उत्तम आहे. ते मध्ये बसून डेटा अडवतं आणि जोडणी तशीच ठेवतं, म्हणजे त्या दिवशीच्या प्रॉक्सीने जे केलं तेच. २०२४ पासून प्लेराइट या ब्राउझर-टेस्टच्या साधनातही पानाचं वेबसॉकेट मध्येच अडवता येतं. मी दोन्ही वापरते.

तुटण्या-जोडण्याच्या मधल्या वेळेत पुकारलेल्या नंबरांचं काय, हा प्रश्न उरला होता. आता प्रत्येक संदेशाला क्रमांक आहे. पुन्हा जोडताना फलक शेवटचा ऐकलेला क्रमांक सांगतो आणि सर्व्हर पुढचं सगळं देतो. टेस्टमध्ये ४१ आणि ४२ पाठवते, सर्व्हर गप्प करते, ४३ ते ४६ पुकारते, सर्व्हर पुन्हा बोलता करते. फलकावर ४६ यायला हवा आणि आधीचे तीन यादीत एकेकदाच दिसायला हवेत. पहिल्या प्रयत्नात ४४ दोनदा आला होता.

हे बसल्यावर मी खिडकीवरच्या ताईंना विचारलं, संपर्क गेला तर फलकाने काय दाखवावं? त्यांनी लगेच सांगितलं, आकडा तर दाखवूच नका. आता ५० सेकंदांच्या शांततेनंतर आकडा पुसला जातो आणि त्यांनीच सांगितलेली ओळ मोठ्या अक्षरांत येते: 'नंबर पुढे गेला असेल, खिडकीवर विचारा.' आमच्या टेस्टच्या फाइलमध्ये या ओळीची टेस्ट सर्वात वर आहे.